उघड्या हातांचें काम

आमच्या घरांतून उघड्या हातांचें कौतुक मोठें. मोदकाची उकड सुगरणीनें चटका सोसून हातानेंच मळावी, देवाचें गंध हातानेंच उगाळावें, असा आमचा परिपाठ आहे. परंतु त्याच घरामागें दुसऱ्या कोणाचे उघडे हात काय करीत असतात, याचा विचार आम्ही क्वचितच करितों.

मैल्याची टाकी तुंबली कीं, घाईघाईनें माणूस बोलाविला जातो. आम्ही खिडक्या लावून घेतों, आणि तो बादली व दोर घेऊन उघड्या हातापायांनीं आंत उतरतो. टाकींत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायु असतो. तो थोडा असतां त्यास कुजक्या अंड्यांची घाण येते. फार झाला म्हणजे घ्राणेंद्रियच बधिर होतें आणि वास येईनासा होतो. धोका टळला असें वाटावें त्याच क्षणीं माणूस कोसळतो. त्यास काढावयास उतरलेला सोबतीहि पुष्कळदां तेथेंच राहतो.

संरक्षक साधनांवांचून माणसास असें उतरविणें हा २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. पहिल्याच अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. आणि हा निर्बंध नगरपालिकेप्रमाणें घरधन्यासहि आहे. गटारांत मृत्यु पावलेल्यांच्या कुटुंबास द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. पण पैशानें कोणाचा बाप परत येत नाहीं.

हें काम पिढ्यान्‌पिढ्या ठराविक जातींच्याच माथीं मारलें गेलें, हा दोष आमचाच. तो जाणून अप्पासाहेब पटवर्धन यांनीं १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत सफाईचें काम आपणांस मिळावें असा आग्रह धरिला. त्यांच्या पाठिंब्यासाठीं येरवड्याच्या तुरुंगांत गांधीजींनींहि उपोषण आरंभिलें. पुढें कणकवलीच्या गोपुरी आश्रमांत अप्पासाहेबांनीं, मैल्यास हात न लागतां त्याचें खत व्हावें, अशा संडासांचे प्रयोग केले.

आम्हांस इतकें मोठें व्रत जमणार नाहीं. परंतु टाकी तुंबण्यापूर्वींच मैला ओढून घेणारी गाडी बोलाविणें खचित जमेल. गाडी उशिरां आली तर दोन दिवस घरांत अडचण सोसावी. मात्र आमच्या सोयीसाठीं कोणाहि माणसास त्या टाकींत उतरवूं नये. एवढें पाळिलें, तरच आमच्या घरच्या सोंवळ्यास कांहीं अर्थ राहील.