वाटी, पण कशाची?

वाटीच्या मापाला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. डोंबिवलीत घरगुती फराळाच्या ऑर्डरी घेते, तरी घरचा शिरा आजही वाटीनंच होतो. एक वाटी रवा, एक वाटी साखर, पाऊण वाटी तूप. वाटी सासूबाईंची घ्या नाहीतर सुनेची, शिरा बिघडत नाही, कारण सगळं एकाच वाटीनं मोजलेलं असतं. कमलाबाई ओगल्यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरा’तली वाटी-चमच्याची प्रमाणं घरोघरी जमली, ती माझ्या मते यामुळेच.

घोळ होतो तो बाहेरून मोजून आलेलं काही त्यात शिरलं की. पाव किलो खवा, तीन अंडी, यीस्टची पुडी. तुमची वाटी केवढी, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. मग विचारणा होते, ‘‘काकू, एक वाटी म्हणजे किती ग्रॅम?’’ मी उलट विचारते, ‘‘कशाची?’’

पाण्याचं सोपं आहे. वजनकाट्यावर रिकामी वाटी ठेवा, काटा शून्यावर आणा, वाटी काठोकाठ भरा. जितके ग्रॅम भरतील तितक्या मिलिलिटरची तुमची वाटी. माझी १५०ची. तिच्यात साखर १२५-१३० ग्रॅम बसते, बारीक रवा शंभराच्या जरा वर, पातळ केलेलं तूप १३५च्या आसपास आणि मध थेट २१०. मध पाण्याहून जड, तूप हलकं. कोरड्या जिनसांत तर कणांमधली हवाही जागा अडवते. म्हणून वाटीभर साखर मिक्सरमधून काढली की पिठी दीड-पावणेदोन वाट्या भरते, वजन तेवढंच.

सगळ्यात लबाड मैदा. डब्यात वाटी खुपसून, काठाशी दाबून वर काढली तर ९५ ग्रॅमपर्यंत जातो. तोच चाळून, चमच्याचमच्यानं अलगद सोडून वरून सुरी फिरवली तर ७५. चार वाट्यांमागे ८० ग्रॅमचा फरक, म्हणजे अख्खी एक वाटी जास्त! शंकरपाळ्यांत थोडं दूध वाढवून सावरता येतं. केक मात्र कोरडा ठणठणीत होतो, आणि दोष जातो ओव्हनला.

भाची मेलबर्नला असते. तिथला कप २५० मिलिलिटरचा, अमेरिकेतला साधारण २४०. एवढ्यानं अडत नाही. चमचा जास्त फसवतो. ऑस्ट्रेलियातला मोठा चमचा २० मिलिलिटरचा, अमेरिकेतला १५चा; अमेरिकन कृतीतली चमचाभर बेकिंग पावडर तिच्या चमच्यानं घातली की एकतृतीयांश जास्त पडते.

माझ्या फडताळाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय: जिन्नस आणि त्यापुढे माझ्या वाटीचे ग्रॅम. मैत्रिणी त्याचा फोटो मागतात, मी देत नाही. पोहे जाड की पातळ, साखर बारीक की मोठ्या दाण्याची, यावर आकडा हलतो. आपापल्या वाटीचा कागद आपण करावा, तासाभराचं काम आहे.

सोडा, मीठ, यीस्ट यांना मात्र या काट्यावर चढवू नये. घरगुती काटा बहुधा एकेका ग्रॅमनं सरकतो, दोन ग्रॅम सोड्याला कधी एक दाखवतो, कधी तीन. तिथं पाच मिलिलिटरचा मापाचा चमचाच बरा, सपाट भरलेला. त्यात बारीक मीठ सहा ग्रॅमच्या आसपास बसतं, जाडंभरडं असेल तर त्याहून कमी.