जुना डेटा नव्या लॅपटॉपवर येत नाही? फाईल खराब नसते, ३२ आणि ६४ चा घोळ असतो



समजा, तुमचं मसाल्याचं होलसेल दुकान आहे. दहा-बारा वर्षं एकाच बिलिंग सॉफ्टवेअरवर काम चाललं. पार्टीची नावं, मालाचे रेट, कोणाकडे किती उधारी, सगळं त्याच्या .एमडीबी फाईलमध्ये. जुना पीसी आता धापा टाकतोय म्हणून नवा लॅपटॉप घेतला, सोबत नवं सॉफ्टवेअर. 'इम्पोर्ट' दाबलं आणि समोर इंग्रजीत मेसेज आला, की अमुक प्रोव्हायडर या मशीनवर रजिस्टर नाही. इंजिनिअरला फोन केला तर उत्तर ठरलेलं: "साहेब, फाईल करप्ट झालीय. सगळं नव्याने एन्ट्री करावं लागेल."

थांबा. एन्ट्रीसाठी माणूस बसवू नका. त्या मेसेजमध्ये फाईल खराब आहे असं कुठेही लिहिलेलं नाही. फाईल वाचून देणारा ड्रायव्हर सापडला नाही, एवढंच तो सांगतोय.

कुर्डुवाडीची जुनी गोष्ट माहीत असेल. बार्शी लाईट रेल्वे नॅरोगेज आणि मुंबईकडची गाडी ब्रॉडगेज. डबा एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जायचाच नाही. म्हणून काय आतला माल नासका होता का? माल चांगलाच होता, फक्त इकडच्या डब्यातून तिकडच्या डब्यात भरावा लागायचा. इथेही तसंच आहे. ३२-बिट प्रोग्राम ६४-बिट ड्रायव्हर आपल्यात घेऊ शकत नाही आणि ६४-बिट प्रोग्राम ३२-बिट ड्रायव्हर घेऊ शकत नाही. फाईल मात्र दोघांसाठी तीच असते.

आता हा घोळ झाला कसा? जुन्या .एमडीबी फाईल वाचणारं 'जेट' नावाचं इंजिन फक्त ३२-बिटमध्येच आहे, त्याचं ६४-बिट भावंड कधी आलंच नाही. ऑफिस २००७ सोबत 'एस' हे नवं इंजिन आलं, आणि ऑफिस २०१० पासून ते ६४-बिटमध्येही मिळायला लागलं. ते जुनी .एमडीबी आणि नवी .एसीसीडीबी दोन्ही वाचतं. पूर्वी ऑफिस टाकलं की मुकाट ३२-बिट बसायचं. २०१९ पासून तुम्ही काही निवडलं नाही तर ६४-बिट बसतं. म्हणजे लॅपटॉप बदलला तेव्हा खालचे रूळ बदलले, आणि दुकानदाराला कोणी सांगितलंच नाही!

त्यामुळे पहिलं काम, कोण किती बिटचं आहे ते बघा. एक्सेल उघडा, फाईल, अकाउंट, अबाउट एक्सेल. वरच्याच ओळीत ३२ की ६४ लिहिलेलं असतं. बिलिंग सॉफ्टवेअरचं कळायला ते चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा, नावापुढे कंसात '३२ बिट' दिसलं तर ते ३२. विंडोज ६४-बिट आहे म्हणून सगळंच ६४ असेल, असं धरून चालू नका. बहुतेक लोक इथेच फसतात.

सगळ्यात सोपी वाट अशी. एक्सेल ६४-बिट असेल आणि फाईलला पासवर्ड नसेल, तर एक्सेललाच वाचू द्या. डेटा टॅब, गेट डेटा, फ्रॉम डेटाबेस, त्यात अ‍ॅक्सेस. फाईल निवडली की आतली सगळी टेबलं दिसतात. पार्टीचं टेबल एका शीटवर, आयटमचं दुसऱ्या शीटवर घ्या. मूळ फाईलवर नाही हं, कॉपीवर.

उलटी केस पण असते. नवं बिलिंग सॉफ्टवेअर ३२-बिट आणि ऑफिस ६४-बिट. मग ते सॉफ्टवेअर तुमची साधी एक्सेल शीटसुद्धा वाचत नाही. मायक्रोसॉफ्टचं अ‍ॅक्सेस डेटाबेस इंजिन फुकट मिळतं, पण दुसऱ्या बिटचं ऑफिस आधीच बसलेलं असेल तर त्याचा इन्स्टॉलर सरळ नाही म्हणतो. काही टेक्निशियन आडवाटेने दोन्ही एकत्र बसवून देतात. चालतंही कधीकधी. पण ज्या मशीनवर रोज बिलं फाडायची, तिथे हा प्रयोग मला पसंत नाही. ऑफिस काढून सॉफ्टवेअरच्याच बिटचं पुन्हा टाका, त्याला वेगळं लायसन्स लागत नाही.

(ओडीबीसी सेटिंगमध्ये जाणाऱ्यांसाठी एक गंमत: ६४-बिटचं टूल 'सिस्टम३२' फोल्डरमध्ये आहे आणि ३२-बिटचं 'सिसवॉव६४' मध्ये. हो, उलटंच आहे.)

हे काहीच नको असेल तर तिसरी वाट म्हणजे सीएसव्ही. जुना पीसी चालू असेपर्यंत त्याच्यावरच, जुन्या सॉफ्टवेअरमधून रिपोर्ट सीएसव्हीत काढून घ्या. ही साधी टेक्स्ट फाईल, तिला ३२-६४ शी काही देणंघेणं नाही. मला स्वतःला छोट्या दुकानासाठी हीच वाट बरी वाटते. फक्त ती फाईल डबलक्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका! हळदीचा एचएसएन ०९१० असतो, एक्सेल पुढचं शून्य खाऊन ९१० करतं. डाळीचा ०७१३ चा ७१३ होतो. तेरा आकडी बारकोड ८.९ई+१२ असा दिसायला लागतो, आणि तसाच सेव्ह केला की मूळ आकडा गेलाच. मराठी नावांच्या जागी चित्रविचित्र अक्षरं येतात ती वेगळीच. म्हणून डेटा टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, फाईल ओरिजिन यूटीएफ-८ करा आणि कोड, बारकोड, मोबाईल, खाते नंबर हे कॉलम 'टेक्स्ट' ठेवा. तारखाही बघा, ५ एप्रिलचा ४ मे व्हायला वेळ लागत नाही.

डेटा आला म्हणजे काम झालं असं नाही. जुन्या सॉफ्टवेअरमधून एका ठराविक तारखेची ट्रायल बॅलन्स काढा आणि त्याच तारखेची नव्यातून. एकूण येणी, एकूण देणी, पार्ट्यांची संख्या, स्टॉकची किंमत, चारही आकडे पैशापर्यंत जुळले पाहिजेत. चाळीस रुपयांचा फरक 'राउंड ऑफ असेल' म्हणून सोडला की खाली एखादी पार्टी जमेच्या बाजूला आणि दुसरी नावे बाजूला चुकून बसलेली निघते. आणि चुकीचा आकडा घेऊन वसुलीला गेलात, तर पैशाआधी गिऱ्हाईक जातं.

जुना पीसी भंगारात द्यायची घाई नको. जीएसटीच्या कायद्यानुसार हिशोबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या ड्यू डेटपासून ७२ महिने जपावी लागतात. मूळ .एमडीबी फाईल आणि सॉफ्टवेअरचा सेटअप पेनड्राइव्हवर आणि दुसऱ्या एका ठिकाणी ठेवा.

फाईलला पासवर्ड असेल तर तो बहुतेक वेळा जुन्या सॉफ्टवेअरवाल्याकडे असतो. त्याला फोनवर नाही, ई-मेलवर लिहून मागा: "माझ्या व्यवसायाचा डेटा मला एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये द्यावा." नवं सॉफ्टवेअर घेतानाही पैसे देण्याआधी हाच प्रश्न विचारा, की उद्या सोडून जायचं झालं तर माझा डेटा कोणत्या फाईलमध्ये मिळेल? उत्तर देताना सेल्सवाला विषय बदलायला लागला, तर डेमो तिथेच थांबवा.

ज्यांची पार्टीची नावं श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाईप केलेली आहेत, त्यांना वरचं सगळं करूनही नावं वाचता येणार नाहीत. ती युनिकोडमध्ये कशी आणायची, ते पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर करून दाखवतो.