दुधांतील औषध

२०२४ सालीं ज्याचें नांव अहिल्यानगर झालें, त्या नगर जिल्ह्यांत पर्जन्य बेताचा. म्हणून संगमनेर-राहात्याकडील कित्येक कुटुंबांचा प्रपंच गाईच्या कासेवर चालतो. संकरित गाय दूध भरपूर देते, पण ‘दगडी’ म्हणजे कासेची सूजहि तिलाच फार. मग सडांतून प्रतिजैविकाची नळी सोडतात. सोडूं नये असें कोण म्हणेल? रोगी जनावरास औषध हवेंच. मात्र त्यानंतर ठराविक दिवस तें दूध डेअरीस घालावयाचें नसतें. आणि रोजच्या दुधावर चाललेल्या घरास तें ओतून देणें किती जड जातें, हें शहरांत बसून उपदेश करणारास कळावयाचें नाहीं.

२०१८ सालीं देशभर तपासलेल्या ६,४३२ नमुन्यांपैकीं ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचा अंश मर्यादेहून अधिक आढळला. प्रमाण अल्प खरें. परंतु मोठी भीति निराळीच आहे. अपुऱ्या मात्रेनें दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. इतकेंच नव्हे, तर आपला चिवटपणा ते परजातीच्या जंतूंसहि देऊं शकतात! पेनिसिलिनचे शोधक फ्लेमिंग ह्यांनीं १९४५ च्या नोबेल-व्याख्यानांतच हा धोका सांगितला होता. कोलिस्टिन हें माणसांसाठीं अखेरचें म्हणून राखलेलें औषध कोंबड्यांच्या खाद्यांत घालीत. भारत सरकारनें २०१९ मध्यें अशा जनावरांसाठीं त्याच्या विक्रीस मनाई केली.

गृहिणींनीं एवढें ध्यानांत घ्यावें, कीं दूध उकळल्यानें जंतू मरतात, पण औषधाचा अंश बहुधा तसाच राहतो. दही नीट लागलें नाहीं, तर दोष दर वेळीं विरजणाचाच असतो असें नाहीं.