जँगोची सेकंड इनिंग

‘मी बेलापूरचा’ म्हटलं की ऑफिसात पुढचा प्रश्न ठरलेला: ‘सीबीडी का?’ नाही हो, नगर जिल्ह्यातलं, प्रवरेकाठचं बेलापूर. ट्रेनने यायचं तर श्रीरामपूरला उतरायचं, कारण ज्या स्टेशनला आम्ही बेलापूर म्हणतो ते श्रीरामपुरात आहे. असा घोळ घेऊनच वाढलो, त्यामुळे ‘तू नक्की कुठला?’ या प्रश्नाचं मला काही वाटत नाही. मागच्या वर्षी तो गिटारवरून विचारला गेला, तेव्हा मात्र लागला.

झालं असं, की पुण्यात आम्ही चौघं ऑफिसवाले दर शनिवारी जिप्सी जाझ वाजवतो. दोन गिटार, एक व्हायोलिन आणि उधारीचा डबल बेस. ड्रम्स नाहीत, ठेका गिटारच धरते. फ्रेंचमध्ये त्या ठेक्याला ‘ला पाँप’ म्हणतात, म्हणजे पंप. मला तो दौंड-मनमाड लाइनवरच्या गाडीसारखा वाटतो. एका शनिवारी मी इलेक्ट्रिक गिटार नेली आणि सोलोमध्ये बीबॉपच्या चार ओळी घुसवल्या. गाणं संपलं. व्हायोलिनवाला शांतपणे म्हणाला, ‘हे जँगो नाही. असं वाजवायचं तर दुसरा ग्रुप बघ.’

घरी आलो आणि चिडून जँगो पहिल्यापासून ऐकायला घेतला.

मानूश म्हणजे माणूस

जँगो राइनहार्ट. 1910 साली बेल्जियममध्ये, भटक्या कुटुंबात जन्मला. त्याच्या जमातीचं नाव ‘मानूश’, म्हणजे चक्क आपला माणूस! रोमा लोकांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी भारतातून गेले, असं भाषेचे अभ्यासक सांगतात. त्यांच्या बोलीत पाण्याला ‘पानी’ आणि कानाला ‘कान’च म्हणतात.

1928 मध्ये त्याच्या राहत्या गाडीला आग लागली. डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका कायमची आखडली. वय अठरा. उरलेल्या दोन बोटांनी सोलो वाजवायची नवी पद्धत त्याने स्वतःच बसवली. 1934 मध्ये व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेलीबरोबर पॅरिसमध्ये ‘हॉट क्लब’चा पाच जणांचा ताफा उभा केला. 1937 चं ‘मायनर स्विंग’ आजही या संगीताचं राष्ट्रगीत आहे.

इथपर्यंतचा जँगो सगळ्यांना पाठ असतो. आमच्या ग्रुपलाही.

आणि मग बीबॉप

1940 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी यांनी बीबॉप आणलं. जाझ आता नाचायचं कमी आणि कान देऊन ऐकायचं जास्त झालं. कॉर्डच्या सुरांना शेजारचे सूर चिकटवत जाणाऱ्या लांब, वेड्यावाकड्या ओळी आणि मधेच टोला मारणारा ड्रमर. 1946 मध्ये जँगो ड्यूक एलिंग्टनबरोबर अमेरिका फिरून आला, तेव्हा त्याच्या हातात इलेक्ट्रिक गिटार होती.

1951 मध्ये तो पॅरिसच्या क्लब सेंट जर्मेनमध्ये आपल्याहून कितीतरी लहान पोरांबरोबर बीबॉप वाजवत होता. विचार करा, नाव झालंय, स्टाइल जगभर कॉपी होतेय आणि हा माणूस ज्युनिअर्समध्ये बसून नवं शिकतोय! एप्रिल 1953 मध्ये तरुण पियानोवादक मार्शल सोलालबरोबर त्याने शेवटचं रेकॉर्डिंग केलं. त्यातलं ‘डेक्काफोनी’ ऐका. पंप नाही, व्हायोलिन नाही, पण बोटं तीच दोन. पुढच्याच महिन्यात तो गेला, वय 43.

त्याच्या वारसांचीही हीच गोष्ट. 1966 साली जन्मलेला बिरेली लाग्रेन शाळकरी वयातच हुबेहूब जँगो वाजवायचा, 1980 मध्ये त्याचा अल्बमही आला. मग तो सगळं सोडून जाको पास्टोरियससारख्या बेसवाल्याबरोबर फ्यूजनमध्ये घुसला. 2001 मध्ये ‘जिप्सी प्रोजेक्ट’ घेऊन परतला, तेव्हा बाहेर शिकलेलं सगळं त्याच्या बोटांत होतं.

फार लांब कशाला, आपला मुंबईचाच अमान्सिओ डिसिल्वा घ्या. जन्म 1936, गोव्याच्या कुटुंबातला. जिप्सी नव्हे, पण पेच तोच. बीबॉपवर वाढलेला हा गिटारिस्ट जयपूरच्या गायत्रीदेवींच्या आश्रयाला राहिला, 1967 मध्ये लंडनला गेला. 1969 च्या ‘इंटिग्रेशन’ अल्बममध्ये त्याने जाझच्या ताफ्याबरोबर भारतीय वळणाच्या धून वाजवल्या. त्याच वर्षी सॅक्सोफोनवाल्या जो हॅरियटबरोबर ‘हम दोनो’ केला. ‘तू नक्की कुठला?’ हे त्यालाही कुणीतरी विचारलंच असेल.

मामाचं क्लॅरोनेट

दिवाळीला बेलापूरला गेलो. मामा लग्नाच्या बँडमध्ये पंचवीस वर्षं क्लॅरोनेट वाजवायचे. त्यांच्या कानाला इअरफोन लावून आधी ‘मायनर स्विंग’ आणि मग ‘डेक्काफोनी’ ऐकवलं. पहिल्याला मान डोलली, दुसऱ्याला कपाळावर आठी.

‘हे काय कळंना बाबा,’ मामा म्हणाले. ‘पर माणूस त्योच हाये. सूर सोडताना तसाच झटका देतोय.’

त्याने हे शेवटच्या वर्षी वाजवलं, हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘बँडात कॅसिओ आला तवा मी म्हन्लं, त्याच्यासंगं मी वाजवनार न्हाई. पोरं म्हन्ली, मामा, शिकून घ्या. म्या शिकलो न्हाई. दोन सीझन झालं आन् घरीच बसलो.’

क्लॅरोनेट कपाटावर होतं, पेटीत. मी उघडलं नाही, त्यांनीही नाही.

पुण्यात परत आल्यावर ग्रुप सोडला नाही. भांडून एक सौदा केला: शनिवारी एक गाणं माझं, इलेक्ट्रिकवर. व्हायोलिनवाला अजून नाक मुरडतो, पण परवा मधल्या चार ओळींना तो माझ्या मागे आला. चुकला, हसला, पुन्हा आला.

तुम्हालाही कुणी ‘हे तुझं काम नाही’ म्हणत असेल, तर आज घरी जाताना ही दोन रेकॉर्डिंग्ज पाठोपाठ ऐका. मधे सोळा वर्षं आहेत आणि माणूस एकच.

काल मामांचा फोन आला. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर, फोन ठेवता ठेवता म्हणाले, ‘येताना पुन्याहून क्लॅरोनेटची एक रीड आन रं. जुनी पार वाळून गेलीय.’