एकच कॉर्ड, नावे दोन

वाचकहो, आज मुले संगणकावर स्वरलिपी लिहितात. सिबेलियसमध्ये स्वर निवडून आज्ञा दिली की कॉर्डचे नाव आपोआप उमटते. म्युझस्कोरमध्ये फ्रेंच पद्धत निवडली तर तेच नाव 'दो-रे-मी' शिकलेल्यांनाही वाचता येते.

पण सी, ई, जी, ए हे चार स्वर घ्या; सी हा सा धरला तर सा, ग, प, ध. यांना 'सी सिक्स' म्हणता येते, तसेच 'ए मायनर सेव्हन'ही! तळाशी सी असेल तर बहुधा पहिले नाव शोभते, ए असेल तर दुसरे. शिवाय मागचेपुढचे सूरही पाहावे लागतात. नाव चुकले तर ते वाचून साथ करणारा भलताच स्वर तळाशी धरतो. म्हणून पालकांनो, यंत्राने सुचवलेले नाव मुलांना आधी पेटीवर वाजवून पाहू द्या.