गणेशखिंडीतलं डाळिंब

हिंजवडी, माण, मारुंजीकडून पुण्यात येणाऱ्या माणसाला विद्यापीठ चौक म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. घड्याळाकडे पाहत बसायची ती जागा. इथला जुना उड्डाणपूल 2020 मध्ये पाडला, मग मेट्रोचे खांब उभे राहिले, आणि या सगळ्यात चौकाला लागून केवढा मोठा हिरवा पट्टा पसरलाय याकडे बघायची सवयच मोडली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं आवार सुमारे चारशे एकरांचं आहे. शेजारी राजभवन, त्याच्या आवारात यशदा, आणि खडकीच्या अंगाला कृषी विद्यापीठाची गणेशखिंड बाग. मुळशीतले सरपंच प्रशिक्षणासाठी यशदात येतात, पोरं परीक्षेच्या कागदपत्रांसाठी विद्यापीठात येतात. काम झालं की दोघंही परततात. आवारात वारसाफेऱ्या निघतात, माहिती सांगणारा सोबत असतो. तशी फेरी मिळाली नाही तरी सकाळचे तीन तास मोकळे काढून हा परिसर पायी बघता येतो. कुठून सुरुवात करावी आणि कुठं थांबावं, एवढंच ठाऊक हवं.

सुरुवात चौकातूनच करावी. चतुःशृंगीकडून येऊन गणेशखिंड रस्त्याला मिळणारा रस्ता सेनापती बापटांच्या नावाचा आहे. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ केलं ते मुळशीनं. टाटांच्या धरणात मावळ्यांच्या जमिनी बुडू नयेत म्हणून 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. त्या काळी मुंबईचा गव्हर्नर पावसाळ्याचे महिने इथं, गणेशखिंडीत, मुक्काम करायचा. ज्या सरकारनं मुळशीची जमीन संपादित करून कंपनीला दिली, त्याचा पावसाळी दरबार याच टेकाडावर भरत होता. आज बापटांचा रस्ता त्या दरबाराच्या दाराशी येऊन भिडतो. नाव देताना कुणी एवढा विचार केला असेल असं नाही, पण मुळशीकरानं तो करायला हरकत नाही.

फाटकातून आत शिरण्याआधी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीची लढाई झाली ती या खिंडीच्या आणि खडकीच्या मधल्या माळावर. मराठी फौज गणेशखिंडीच्या अंगाला उभी होती, दुसरा बाजीराव पर्वतीवरून पाहत होता. बापू गोखल्यांच्या घोडदळाची दौड मधल्या नाल्याच्या दलदलीत अडली, मराठ्यांचे सरदार मोरो दीक्षित पडले आणि दिवस हातचा गेला. इंग्रजांच्या मदतीला दापोडीहून कॅप्टन फोर्डची पलटण आली होती. हा फोर्ड आणि त्याचं दापोडी पुढं पुन्हा येणार आहेत, कारण गणेशखिंडीच्या बागेचं मूळ तिथं आहे.

आत गेल्यावर झाडांच्या सावलीतून चालत मुख्य इमारतीपाशी पोचलं की बहुतेकांचे फोन बाहेर निघतात. काळा पाषाण, कमानींचे व्हरांडे, एका अंगाला उंच मनोरा. घडण इटालियन वळणाची. गव्हर्नर बार्टल फ्रियरनं 1864 मध्ये काम काढलं, आराखडा जेम्स ट्रबशॉचा. मुहूर्त मोठा वाईट निघाला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. 1865 मध्ये युद्ध संपलं आणि मुंबईचा सट्टा कोसळला. बंगल्याचा खर्च मात्र वाढतच राहिला, सरकारच्या उधळपट्टीचा नमुना म्हणून त्याच्यावर टीका झाली. इमारत पुरी झाली 1871 मध्ये, आणि फ्रियरसाहेब तर 1867 लाच मुंबईचं गव्हर्नरपद सोडून गेले होते. ज्याच्या हौसेसाठी वाडा उठला त्याला त्यात गव्हर्नर म्हणून राहायला मिळालं नाही. सह्याद्रीत मात्र फ्रियरचं नाव वेगळ्याच ठिकाणी टिकलं. शिवनेरीच्या कड्यावर उगवणाऱ्या एका दुर्मीळ मांसल वनस्पतीला डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याच्यावरून ‘फ्रेरिया इंडिका’ म्हटलं. आपल्याकडे तिला शिंदळ माकुडी म्हणतात.

या इमारतीतल्या सगळ्या मेजवान्यांपैकी एकच महाराष्ट्राला आठवते. 22 जून 1897 ची. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून गव्हर्नराकडे समारंभ होता. पुण्यात त्या वर्षी प्लेग होता. घराघरांत शिरून झडती घेणाऱ्या गोऱ्या सोजिरांच्या मागं प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड होता. रात्री मेजवानी आटोपून बग्ग्या गणेशखिंड रस्त्यानं परत निघाल्या, आणि दामोदर चापेकरांनी रँडवर, बाळकृष्ण चापेकरांनी लेफ्टनंट आयर्स्टवर गोळी झाडली. आयर्स्ट जागीच गेला, रँड 3 जुलैला. दामोदरपंतांना 18 एप्रिल 1898 ला येरवड्यात फाशी झाली. पुढच्या वर्षी मे महिन्यात वासुदेव, बाळकृष्ण आणि त्यांचे साथी महादेव रानडे यांनाही. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा ‘22 जून 1897’ हा चित्रपट ज्यांनी पाहिलाय, त्यांना हा रस्ता रात्री वेगळा दिसतो.

त्याच वर्षी, या गोळ्यांच्या साडेतीन महिने आधी, 10 मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. त्याही प्लेगनंच. मुलगा यशवंत डॉक्टर; त्याच्या दवाखान्यात त्या रोग्यांची सेवा करत होत्या, तिथंच लागण झाली. सरकारनं प्लेगशी झुंज घेतली ती बंदुका घेतलेल्या शिपायांकरवी, आणि सावित्रीबाईंनी रोग्यांपाशी बसून. 2014 मध्ये विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं, 2022 मध्ये आवारात त्यांचा पुतळा उभा राहिला. फेरीतले बरेच लोक पुतळ्यापाशी नमस्कार करून पुढं सरकतात. तिथं थोडं थांबून 1897 ची ही दोन टोकं जोडून बघावीत. माझ्या मते या आवारातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे, आणि दगडी कमानींच्या कौतुकात ती नेमकी राहून जाते.

विद्यापीठाची कथा थोडक्यात सांगण्याजोगी. 10 फेब्रुवारी 1949 ला स्थापना, पहिले कुलगुरू बॅरिस्टर मु. रा. जयकर. सुरुवातीचे महिने कारभार भांडारकर संस्थेच्या निजाम अतिथिगृहातून चालला, मग बाळासाहेब खेरांच्या सरकारनं दिलेल्या या जागेत. बारा जिल्ह्यांची महाविद्यालयं पदरात होती. कोल्हापूर, जळगावला विद्यापीठं झाली तशी पुणे, नगर, नाशिक एवढी उरली. जयकरांच्या नावाचं ग्रंथालय पाहायचं असेल तर आतल्या शांततेचा मान राखून पाहावं, परीक्षांच्या दिवसांत नकोच. इमारतीमागची ॲलिस गार्डन मात्र कुणालाही मोकळी वाटते. हिरवळ, जुनी झाडं आणि पुस्तकं उघडी ठेवून गप्पा मारणारी पोरं.

तिथून आयुकापर्यंत चालायला हवं. खगोलशास्त्राचं हे केंद्र जयंत नारळीकरांनी 1988 मध्ये उभं केलं, इमारती चार्ल्स कोरियांच्या. ट्रबशॉच्या इमारतीत माणूस लांबूनच दबतो, कोरियांच्या इमारतीत तो हळूहळू आत ओढला जातो. मधल्या खोलगट कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन आहेत. पृथ्वी फिरते हे दाखवणारा फूकोचा लंबकही आहे. मुलांसाठीच्या ‘मुक्तांगण विज्ञान शोधिके’ची इमारत पु. ल. देशपांड्यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून झाली. तिचं नाव ‘पुलस्त्य’. सप्तर्षींमधला हा तारा पुलंच्या नावाशी असा जुळवून घेणं फक्त पुण्यातच सुचावं. नारळीकर 20 मे 2025 ला गेले. शाळेतल्या पोरांच्या पत्रांना उत्तरं लिहिणारा शास्त्रज्ञ म्हणून त्यांना ओळखणारी एक अख्खी पिढी महाराष्ट्रात आहे. न्यूटनच्या झाडाच्या वंशातली सफरचंदाची कलमंही आयुकात लावली होती. काही वर्षं जगली, मग पुण्याच्या हवेत टिकली नाहीत.

इथवर आलं की बहुतेक फेऱ्या संपतात, चहा होतो आणि मंडळी पांगतात. माझी तक्रार इथंच आहे. गणेशखिंडीतली जी गोष्ट महाराष्ट्राच्या घराघरात पोचली, ती या फाटकांच्या बाहेर, खडकीकडच्या बाजूला आहे.

तिचं मूळ दापोडीत. खडकीच्या लढाईतल्या त्या कॅप्टन फोर्डचा मुळेकाठचा बंगला गव्हर्नर माल्कमनं 1828 च्या सुमारास सरकारसाठी घेतला आणि तिथं वनस्पतींची बाग केली. मुळशीच्या डोंगरातून निघालेली मुळा बाणेर, औंधवरून दापोडीला येते; बागेला पाणी तिचंच. 1838 पासून ही बाग डॉ. अलेक्झांडर गिब्सनच्या ताब्यात होती. पुढं तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. 1847 ते 1850 च्या दरम्यान त्यानं एका हिंदी चित्रकाराकडून बागेतल्या आणि रानातल्या झाडांची दीडशेहून अधिक चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. चित्रकाराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. पानाची शीर न् शीर टिपली, आणि टिपणारा मात्र निनावी राहिला.

फ्रियरला गणेशखिंडीच्या वाड्यासाठी पैसा हवा होता, तेव्हा दापोडीचा बंगला विकला गेला आणि बागही गेली. तिची जागा गणेशखिंडीत 1873 मध्ये सुरू झालेल्या नव्या बागेनं घेतली. मार्शल वुड्रो हा तिचा अधीक्षक. हिंदुस्थानातल्या बागकामावरचं त्याचं पुस्तक पुढं बरीच वर्षं चाललं. साहेबांच्या शोभेसाठी आणि वनस्पतिशास्त्रासाठी लावलेली ही बाग विसाव्या शतकात फळांकडे वळली, आणि इथून पुढची गोष्ट शेतकऱ्यांची आहे.

मुंबई सरकारचे फळबागतज्ज्ञ डॉ. जी. एस. चिमा इथं काम करत. लखनौहून आणलेल्या बियांपासून वाढवलेल्या पेरूच्या रोपांतून त्यांनी 1927 मध्ये एक झाड निवडलं. रोपाचा क्रमांक 49, म्हणून ‘लखनौ 49’. पुढं त्याला ‘सरदार’ म्हणू लागले. बुटकं, पसरट, भरपूर फळ देणारं हे झाड आज देशभर आहे. आपल्या कुठल्याही रोपवाटिकेत ‘एल-49 द्या’ म्हटलं की कळतं. दुसरी निवड डाळिंबाची. आळंदीच्या नावानं ओळखलं जाणारं एक डाळिंब आपल्याकडे होतं. गोड, पण दाण्यातलं बी कडक. त्याच्या रोपांतून चिमांनी 1936 मध्ये एक मऊ बियांचं झाड हेरलं. गणेशखिंड बॉटॅनिकल गार्डन या इंग्रजी नावाची आद्याक्षरं घेऊन त्याला ‘जीबीजी-1’ म्हटलं गेलं, आणि 1970 मध्ये त्याचं नामकरण ‘गणेश’ असं झालं.

गणेश डाळिंबानं सोलापूर, सांगली, नगर, नाशिकच्या कोरडवाहू माळांवर काय केलं, हे सांगोल्याच्या किंवा आटपाडीच्या म्हाताऱ्या बागायतदाराला विचारावं. जिथं ज्वारी दोन वर्षांतून एकदा हाताला लागायची, तिथं थोड्या पाण्यावर बागा उभ्या राहिल्या. नंतर राहुरीच्या कृषी विद्यापीठानं याच गणेशचा ‘गुल-ए-शाह रेड’ या परदेशी लाल डाळिंबाशी संकर केला आणि त्या वंशातून मृदुला, भगवा ही वाणं निघाली. आज दुबईच्या बाजारात जाणारं लालभडक ‘भगवा’ हे आळंदीच्या डाळिंबाचं पणतवंड आहे. न्यूटनचं सफरचंद या मातीत रुजलं नाही, आळंदीचं डाळिंब मात्र समुद्रापार गेलं. गव्हर्नराच्या वाड्यावर झालेल्या खर्चाशी पेरू आणि डाळिंबाच्या या दोन झाडांची तुलना केली, तर वाड्याची बाजू फारच लंगडी पडते.

ही बाग आज महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आहे. आत जुने आंबे आहेत, चिंचा आहेत, वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना महिनाभर पुरतील एवढ्या जाती आहेत. 2020 मध्ये राज्य शासनानं तिला जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं. शहराच्या पोटात असलेलं असं स्थळ विरळाच. वारसा म्हटल्यावर ती जागा निर्धास्त झाली असं समजण्याचं मात्र कारण नाही. गणेशखिंड रस्त्याचं रुंदीकरण आणि मेट्रो यांच्यासाठी वड-पिंपळांवर कुऱ्हाड आली, तेव्हा नागरिकांना 2023 मध्ये न्यायालयापर्यंत जावं लागलं. हिंजवडीला वेळेत पोचायचंय हे मुळशीकराला कळतं. मेट्रो त्यालाच हवी आहे. पण रस्ता दोन मीटरनं वाढवताना तोडलेला एक वड वाढायला किती वर्षं लागली होती, हा हिशेब कुठल्याच निविदेत नसतो.

जायचं तर पावसाळा सरल्यावर, सकाळी आठच्या आत. विद्यापीठात ओळखपत्र जवळ ठेवावं. आयुकाचे सार्वजनिक कार्यक्रम आधी चौकशी करून गाठावेत. फळबाग सरकारी कार्यालय आहे, बगीचा नव्हे. तिथं कामाच्या दिवशी, परवानगी घेऊनच जावं आणि झाडाला हात लावू नये. वारसाफेरी काढणाऱ्या संस्थांनीही आता आयुकाशी थांबू नये, फाटक ओलांडून शेवटचा तास या बागेला द्यावा. आणि घराशेजारी दोन हात जमीन असेल, तर कलमं विक्रीला आहेत का ते तिथं विचारावं. मुळशीचा पाऊस डाळिंबाला सोसत नाही. सरदार पेरू लावावा.