हातांतील जयणा : चिंचिलाला उचलताना आणि नेताना

जैन आचारातील पाच समितींमध्ये आदान-निक्षेपण समितीचे स्थान मोठे आहे. वस्तू उचलताना आणि ठेवताना कोणत्याही जीवाला पीडा होऊ नये, अशी सावधानता हा तिचा अर्थ. साधू-साध्वींसाठी सांगितलेला हा नियम श्रावकाच्या घरात जयणा, म्हणजेच यत्नाचार, या रूपाने येतो. घरात एखादा मुका प्राणी पाळला जातो, तेव्हा या नियमाची खरी कसोटी लागते. कारण तेथे जे उचलायचे, तोच एक पंचेंद्रिय जीव असतो.

मुलांच्या हट्टापायी अलीकडे घरात येऊ लागलेल्या विदेशी प्राण्यांपैकी चिंचिला हा एक होय. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या थंड, कोरड्या, खडकाळ उंचीवरचा हा कुरतडणारा प्राणी. वजन साधारण अर्धा किलो, आहार पूर्णपणे शाकाहारी, आयुष्य 10 ते 15 वर्षे, कधी त्याहूनही अधिक. त्याच्या एकेका रोमछिद्रातून 60 वा अधिक केस निघतात. हीच मऊ लव त्याच्या जिवावर उठली. फरसाठी झालेल्या अनिर्बंध शिकारीमुळे रानातील चिंचिला नष्ट होण्याच्या मार्गावर आला. भारताने जानेवारी 2017 मध्ये मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या फरच्या आयातीवर बंदी घातली, ही समाधानाची बाब आहे. परंतु जो प्राणी व्यापाराच्या हातून वाचला, तो प्रेमाच्या हातून दुखावला जाऊ नये, हेही पाहिले पाहिजे.

चिंचिलाच्या बरगड्या अत्यंत नाजूक असतात. छातीभोवती घट्ट मूठ आवळली, तर आतून गंभीर इजा होऊ शकते. म्हणून एक तळवा पुढच्या पायांमागे छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली ठेवून, संपूर्ण भार तोलत त्याला उचलावे व लगेच अंगाशी धरावे. कान, पाठीची लव किंवा शेपटीचे टोक धरून कधीही उचलू नये. भ्यायलेला चिंचिला पकडलेल्या जागेचे केस सोडून निसटतो. शत्रूपासून सुटण्यासाठी निसर्गाने दिलेली ही युक्ती आहे. हातात केसांचा पुंजका आला, तर पकडीत भीती होती असे समजावे. ते केस पूर्ववत येण्यास काही महिनेही लागू शकतात.

नव्या घरात आलेल्या चिंचिलाला काही दिवस उचलूच नये. पिंजऱ्यात हात स्थिर ठेवावा आणि त्याला आपण होऊन तळव्यावर येऊ द्यावे. तो दिवसा झोपतो. त्या वेळी त्याला जागे करून पाहुण्यांना दाखवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. मुलांना घ्यायचा असेल, तर मूल जमिनीवर बसलेले असावे आणि उचलून देणारे हात मोठ्या माणसाचे असावेत. उंचावरून पडल्यास त्याचे पाय सहज मोडतात. कौतुकापोटी मनुका, काजू किंवा गूळ भरवू नये. वाळलेले गवत हेच त्याचे मुख्य अन्न.

नेण्याचा प्रश्न नाशिककरांसाठी अधिक कठीण आहे. साधारण 25 अंशांपलीकडची उष्णता चिंचिलाला त्रासदायक ठरते आणि नाशिकचा पारा एप्रिल-मे महिन्यांत 40 अंशांच्या आसपास जातो. उपचारासाठी मुंबईला न्यायचे ठरले, तर पहाटे निघावे, म्हणजे ऊन चढण्यापूर्वी कसारा घाट मागे पडतो. गाडी वातानुकूलित असावी. दुचाकीवर तर त्याला नेऊच नये. कापडी पिशवी वा पुठ्ठ्याचे खोके तो कुरतडतो. म्हणून हवेशीर, कडक पेटी घ्यावी. तळाशी कापड व गवत अंथरावे, पाण्याची सोय ठेवावी आणि पेटी घसरणार नाही अशी बांधावी. चहापाण्याला थांबल्यावर त्याला बंद गाडीत सोडून जाऊ नये. कान लालबुंद होणे, श्वास जलद होणे, अंग टाकून पडणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी त्याला तत्काळ थंड जागी न्यावे आणि विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे.

या संदर्भात एक जुनी हकीकत बोधप्रद आहे. मॅथियास चॅपमन या अमेरिकन खाण-अभियंत्याने 1923 मध्ये चिलीतून 11 चिंचिला कॅलिफोर्नियात नेले. एकदम खाली आणल्यास ते उष्णतेने दगावतील हे ओळखून त्याने त्यांना डोंगरावरून महिनोन्महिने टप्प्याटप्प्याने उतरवले. जहाजावर बर्फाने पिंजरे थंड राखले. त्याचा हेतू फरच्या धंद्याचा होता. नफ्यासाठी एक व्यापारी एवढा धीर धरू शकतो, तर दयाधर्म मानणाऱ्याने किती धरावा?

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बांधणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीबाहेर भार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. कोंदट पिंजरा, आवळलेली मूठ आणि तापलेली गाडी यांना या यादीपासून फार दूर मानता येणार नाही. म्हणून प्राणी घरी आणण्यापूर्वीच कुटुंबाने विचार करावा : उन्हाळाभर थंड खोली, विजेचा खर्च, जाणकार डॉक्टर आणि 15 वर्षांची निष्ठा हे सारे आपण देऊ शकतो का? उत्तर नकारार्थी असेल, तर मुलाला समजावून तो प्राणी न आणणे हीच त्या जीवावरची मोठी दया ठरेल.